इन्सेंटिव्हचं शीट पाहिलं

नागपूर,
तान्हा पोळा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं इन्सेंटिव्हचं शीट नीट वाचलं. शिफ्टला 120 पीसचं टार्गेट, त्यावर निघेल त्या प्रत्येक पीसला 4 रुपये, महिनाभर एकही खाडा नसेल तर वेगळे 1,000 रुपये, आणि दिवाळीचा बोनसही त्याच रकान्यात. मालकांना पसंत पडलंय, दिवाळीआधी सुरू करायचंय, असं लिहिलं आहेस. घाई करू नकोस. योजना वाईट नाही, पण बुटीबोरीतल्या तुझ्या मशीन शॉपमध्ये काम जसं चालतं, ते तिच्यात कुठे दिसत नाही.

आधी एक सांगून टाकतो. "माणूस पैशासाठी काम करत नाही, मानासाठी करतो," असं सांगणारे तुला ट्रेनिंगमध्ये पुष्कळ भेटतील. सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा बरा असतो. पैशानं काम वाढतं, यात शंका घेऊ नकोस. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे. तिनं 1994-95 मध्ये तासावरचा पगार सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञानं तिथले हिशेब तपासले, तेव्हा माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. पण यातली साधारण निम्मीच वाढ त्याच माणसांनी जास्त राबल्यामुळे झाली होती. बाकीची झाली ती हात चालणारे टिकले आणि नवे आले तेही तसेच आले म्हणून. मालकांपुढे 44 चा आकडा ठेवशील तर हेही सांग. नाहीतर सहा महिन्यांनी ते तुलाच विचारतील की आपले बावीसच का.

त्या कंपनीत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या तुझ्या शीटमध्ये नाहीत. काम कमी निघालं तरी तासाचा एक ठरलेला पगार पक्का होता. आणि काच नीट बसली नाही, तर ज्यानं बसवली त्यालाच ती पुन्हा बसवावी लागे, त्या वेळेचे पैसे न घेता. तुझ्याकडे रिजेक्शनचा रकानाच नाही. पीस निघाला की 4 रुपये, मग त्याचं बोअर, म्हणजे भोक, ओव्हरसाइज होऊन तो भंगारात गेला तरी? अमेरिकेतल्याच वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटचा असाच दट्ट्या होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावानं खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि तोवर सुमारे 5,300 जणांना नोकरीवरून काढलेलं होतं. खाती मोजली, खाती मिळाली. पीस मोजशील तर पीस मिळतील.

शिवाय काच बसवणारा एकटा काम करतो. तुझी लाइन आहे. टर्निंग, ड्रिलिंग, डिबरिंग म्हणजे कडांवरची कूस काढणं, मग इन्स्पेक्शन. टर्निंगवाला जोरात सुटला आणि ड्रिलिंगला दोनदा टूल तुटलं, तर पुढच्यांनी काय करायचं? "साहेब, माह्या मशीनवर मालच येत नाही, त मी पीस काढू कुठून?" हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल, आणि तो बरोबरच असेल. म्हणून माणसावर न लावता सेलवर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटावर लाव. इन्स्पेक्शनमधून ओके झालेले पीस मोज आणि सेलमधल्या सहा-सात जणांत पैसे वाट. पन्नास जणांच्या गटात एखादा आरामात खपून जातो, सहा जणांत त्याला शेजारचाच उठवतो. इन्स्पेक्टरला मात्र या पैशातून बाहेर ठेव. पीस पास केल्यावर ज्याला पैसे मिळणार, त्याच्या हातात माप तपासायचं गेज देण्यात काही अर्थ नाही.

आता खरी मेख. टार्गेट पुढे वाढवणार का? शीटमध्ये तू "दर तिमाहीला आढावा" असं लिहिलंयस. आढाव्याचा अर्थ मालकाच्या केबिनमध्ये वेगळा आणि मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात वेगळा असतो. हिंगण्याच्या एका कारखान्यात पाहिलेलं सांगतो. इन्सेंटिव्ह लागल्यावर ऑपरेटर 120 वरून 150 वर गेले. महिन्याचा खर्च बघून मॅनेजमेंटला वाटलं, टार्गेटच सैल लागलंय. ते 145 केलं. त्यानंतर त्या लाइनवर कुणीच 147 च्या वर गेलं नाही. मीटिंग नाही, युनियनचा फलक नाही, काही नाही. जास्त निघालेले पीस बेंचखालच्या क्रेटमध्ये जायचे आणि ज्या दिवशी मशीन बिघडेल त्या दिवशी बाहेर यायचे. नवीन पोट्टा जोरात काम करू लागला की जुना माणूस त्याला चहाच्या वेळी बाजूला घ्यायचा, "हळू घे बापा, आमचं बी पाह्य." मॅनेजमेंट त्याला आळस म्हणत होतं. मला तो शुद्ध हिशेब वाटतो. आज जास्त काढलं तर उद्या तेवढंच फुकट काढावं लागणार, हे ज्याला कळलं तो जास्त काढेलच कशाला?

तेव्हा "आढावा" हा शब्द खोडून टाक. त्या जागी लिही की मशीन, टूल, फिक्श्चर किंवा प्रोसेस बदलली तरच टार्गेट बदलेल, आणि कुणी जास्त कमावतो हे टार्गेट बदलायचं कारण असणार नाही. त्यावर मालकांची सही घे आणि कागद नोटीस बोर्डावर लाव. सही करायला ते तयार नसतील, तर योजनाच सुरू करू नकोस. काढून घेतलेला इन्सेंटिव्ह माणूस रिटायर होईपर्यंत विसरत नाही.

कुणाला किती मिळतात, ते गुप्त ठेवावं का, असं विचारलंस. गुप्त राहत नाही, हे एक. दुसरं असं की ओडिशात एम्ली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी हाच प्रश्न तपासला होता. तिघा-तिघांचे गट केले. काहींत तिघांना सारखी मजुरी दिली, काहींत आधीच्या कामाप्रमाणे कमी-जास्त. ज्यांना शेजाऱ्यापेक्षा कमी मिळालं, त्यांचं काम घटलंच, शिवाय रोजची मजुरी बुडवून ते कामावर येईनासे झाले. पण कोण किती काम करतो हे जिथे तिघांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे फरक असूनही कुणी नाराज झालं नाही. म्हणजे फरक खुपत नाही, न कळणारा फरक खुपतो. सेलच्या फळ्यावर रोज ओके पीसचा आकडा खडूनं लिही. आपले महिन्याचे पैसे माणसाला चहा पिता पिता जोडता आले पाहिजेत. तुझ्या शीटमधला तो एफिशियन्सी फॅक्टर मलाच कळायला वेळ लागला, तेव्हा तो काढ.

खाड्यांचा प्रश्न नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हाही कामगार टिकवणं हीच मोठी डोकेदुखी होती. तिथे 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. तुझ्या हातात एवढं नाही, ते जाऊ दे. पण तुझे 1,000 रुपये बघ. पोराला ताप आला म्हणून ज्याचा 3 तारखेला खाडा पडला, त्याचे पैसे गेले, आणि उरलेला महिनाभर यायला त्याला नवीन कारण काय? उदयपूरजवळ सेवा मंदिर या संस्थेनं आपल्या शिक्षकांचा पगार हजर दिवसांवर बांधला होता, हजेरी कॅमेऱ्यावर. जिथे ही पद्धत नव्हती तिथे गैरहजेरी 42 टक्के, जिथे होती तिथे 21. तिथे वाढलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे होते. तूही 1,000 चे आठवड्याला 250 कर. आणि सोयाबीनच्या काढणीसाठी ज्यानं आठवडाभर आधी सुट्टी सांगून ठेवली, त्याचा खाडा धरू नकोस. दिवाळीच्या तोंडावर तुझे हेल्पर गावाकडे जाणारच आहेत. निदान सांगून जातील.

दिवाळी बोनस त्या रकान्यातून आजच काढ. कायद्यानं किमान 8.33 टक्के द्यायचाच आहे, तो त्यांचा हक्क आहे. तो इन्सेंटिव्ह म्हणून दाखवलास, तर कामगार उरलेल्या शीटवरही विश्वास ठेवणार नाहीत. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, तोही वेगळा दाखव.

आणि ज्याचा शीटमध्ये उल्लेखच नाही, ती पगाराची तारीख. ओडिशातच पत्रावळ्या शिवणाऱ्या मजुरांवर एक अभ्यास झाला. नगावर पैसे मिळणारी माणसं होती. काहींना त्यांच्याच मजुरीचे पैसे थोडे आधी दिले. दर तोच, काम तेच. त्यांनी उधारी फेडली, घरात किराणा भरला, आणि नंतर त्यांचं काम सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं, चुकाही कमी झाल्या. हा परिणाम जास्त दिसला तो जास्त गरीब मजुरांमध्ये. एक रुपयाही जास्त न देता. डोक्यात किराणावाल्याचा तगादा घेऊन सीएनसी मशीनवर ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकणाऱ्या माणसाचा हात कधी चुकतो, ते तुला रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये तारखेनुसार दिसेल. काढून बघ एकदा.

कंपनीचा पगार 7 तारखेच्या आत होतो, हे मला माहीत आहे. ठेकेदाराकडच्या पोरांचा कधी होतो? ते तुझ्याच लाइनवर उभे आहेत आणि तुझ्याच टार्गेटमध्ये धरलेले आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना विचार, ठेकेदाराला नको. ती तारीख आधी पक्की करून घे, मग एका सेलवर दोन महिने योजना चालव. दुरुस्त केलेलं शीट घेऊन रविवारी घरी ये. मालकांच्या सहीचा कागदही आण.

तुझा,
काका