बॉक्स माझा, कुलूप कंपनीचं

प्रश्न : आमच्या माळ्यावर तीन सेटटॉप बॉक्स पडून आहेत. पहिला केबलवाल्याने २०१७ साली घ्यायला लावला, दुसरा छत्री बसवली तेव्हाचा, तिसरा छत्रीची कंपनी बदलली म्हणून. तिन्ही वेळा पैसे मोजले. आता मुलगा चवथीला नवा टीव्ही आणणार आहे. फोनचं सिम बदलतो तसं बॉक्सचं कार्ड का बदलता येत नाही? आणि हल्ली टीव्हीतच बॉक्स येतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : तीनच? माझ्या फोंड्याच्या दुकानामागे दोन गोणी भरल्या आहेत. लोक येतात, "भाऊ, हो तुमीच दवरात" म्हणतात आणि ठेवून जातात. मला त्यातला अडॅप्टर तेवढा उपयोगी पडतो. बाकी बॉक्स चांगला चालता असूनही भंगारच.

कारण बॉक्स दोन कामं करतो. आलेल्या सिग्नलचं चित्र करणं हे पहिलं काम, ते सगळ्या बॉक्सचं जवळपास सारखंच. दुसरं काम कुलपाचं. पैशांचे चॅनेल कुलूप लावून पाठवतात आणि ज्याचं रिचार्ज झालंय त्याच्याच कार्डाला किल्ली मिळते. कुलूप प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्याच्या बॉक्समध्ये घातलं तर नुसतं "कार्ड चुकीचं" अशी पाटी दिसते.

सरकारने २०११ साली केबलचा कायदा बदलला आणि टप्प्याटप्प्याने बॉक्स सक्तीचा केला. चार महानगरांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ला संपली. पणजी, म्हापसा, मडगाव ही शहरं तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५. तुमच्यासारखी गावं चौथ्यात, ती मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७वर आली. कागदावर हुकूम केबलवाल्याला होता, पैसे मात्र तुमच्या घरातले गेले. बॉक्स हवाच, हे ठरलं. तो कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे, हे मात्र केबलच्या बाबतीत कुणी ठरवलं नाही.

छत्रीच्या कंपन्यांच्या परवान्यात तशी अट होती, अगदी सुरुवातीपासून. म्हणून जुन्या बॉक्सच्या मागे एक रिकामी खाच दिसते. तिच्यात दुसऱ्या कंपनीच्या कुलपाचं मॉड्यूल बसावं ही कल्पना. इतक्या वर्षांत ते मॉड्यूल मागायला माझ्याकडे एकही माणूस आला नाही, आणि विकायलाही नाही. मॉड्यूलची किंमत जवळपास नव्या बॉक्सएवढी, मग घेणार कोण? एका बॉक्सच्या त्या खाचेत मला पालीची दोन अंडी सापडली होती, एवढाच तिचा उपयोग झालेला मी पाहिला. एप्रिल २०२०मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने सगळे बॉक्स एकमेकांना चालणारे असावेत अशी शिफारस सरकारला केली. शिफारस आणि हुकूम यांत किती अंतर असतं ते तुमच्या माळ्यावर आहेच.

सक्तीला माझा विरोध नाही. अमेरिकेने १९६२ सालीच कायदा केला की विकल्या जाणाऱ्या टीव्हीत यूएचएफ, म्हणजे वरच्या पट्ट्यातले, चॅनेलही दिसले पाहिजेत. १२ जून २००९ला तिथे जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल आलं, तेव्हा बॉक्ससाठी घरटी ४० डॉलरची दोन कूपनं दिली होती. तो बॉक्स कुठल्या कंपनीचा गुलाम नव्हता. केबलसाठी मात्र तिथेही सुट्या कार्डाचा प्रयोग झाला आणि बहुतेक लोक भाड्याच्याच बॉक्सवर राहिले. म्हणजे नुसता कायदा करून भागत नाही, हेही खरं.

आपल्याकडे २०१९ला "हवे तेच चॅनेल घ्या" आलं. तेव्हा १०० चॅनेलना १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, वर आवडीचे सुटे. आमच्या घरी वहीत यादी झाली, सुट्यांची बेरीज झाली, आणि शेवटी पॅकच स्वस्त म्हणून तोच घेतला. निवड करायला एक रविवार गेला, एवढं खरं.

आता नवा टीव्ही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारा भाग, असण्याचं मानक काढलं, आयएस १८११२. असा टीव्ही घेतलात तर छत्रीची केबल थेट टीव्हीला लावून डीडी फ्री डिशसारखे बिनकुलपाचे चॅनेल बॉक्सशिवाय दिसतात. पैशांच्या चॅनेलना बॉक्स लागेलच. दुकानदार "स्मार्ट आहे" म्हणाला तर ऐकू नका, ते वेगळं. माहितीपत्रकात "डीव्हीबी-एस२" लिहिलंय का ते बघा. फ्री डिशचा उपग्रह गोव्यातून आग्नेयेला, साधारण ६० अंश वर दिसतो. त्या बाजूचा माड अगदी जवळ असेल तर छत्री हलवा, माड तोडू नका. आणि जुलैत चित्र गेलं तर पावसाला शिव्या द्या, बॉक्सला नव्हे. विजा चमकताना प्लगसोबत छत्रीची केबलही काढा. चवथीच्या आधी दरवर्षी माझ्याकडे जळलेले टीव्ही येतात, त्यांतल्या निम्म्यांचा प्लग मालकाने काढलेलाच असतो.

प्रश्न : केबलवाला जुना बॉक्स परत मागतो. द्यावा का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : पावती बघा. भाड्याचा असेल तर त्याचा, विकत घेतला असेल तर तुमचा. द्यायचाच झाला तर रिमोट आणि अडॅप्टर मोजून द्या, आणि सही घ्या. रिमोटचे पैसे मागायला ते पुन्हा येतात.