एक प्रत शाबूत असूनही

प्रश्न : माझा नातू तीन महिन्यांचा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीचे रंगीत वर्तुळ जवळजवळ नाहीच. ‘पॅक्स-६’ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बिघाड असल्याचे अहवालात लिहिले आहे. दुसरी प्रत चांगली असताना असे का व्हावे? सुनेने सहाव्या महिन्यात ग्रहण पाळले नाही, असे घरात बोलले जाते. त्यात तथ्य आहे का?
– एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आपल्या सुनेला आजच कळायला हवे. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. असा बिघाड आईवडिलांपैकी एकाकडून येतो, नाही तर बीजांडात, शुक्राणूत किंवा गर्भ राहिल्यावर लगेच नव्याने घडतो. सहाव्या महिन्यात विळी हाती धरल्याने तो होत नाही.

पॅक्स-६ हे अकराव्या गुणसूत्रावरील जनुक आहे. त्याचे प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि इतर अनेक जनुकांवरून आरएनए (म्हणजे जनुकातील संदेशाची नक्कल) उतरवून घेण्याचे काम सुरू करते किंवा रोखते. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीतील याच जातीचे जनुक तिच्या पायांच्या व पंखांच्या जागी जागे केले, तेव्हा तेथे डोळे उगवले. उंदराचे जनुक वापरल्यावरही उगवले ते माशीचेच डोळे, कारण हे जनुक केवळ हुकूम देते. हुकमाच्या या कामात प्रथिनाचे प्रमाण नेमके लागते. बहुतेक जनुकांचे एका प्रतीवर भागते, पण येथे निम्मे प्रथिन डोळ्याला पुरत नाही. या स्थितीला ॲनिरिडिया म्हणतात.

अहवालात एक गोष्ट मात्र तातडीने पाहावी. जनुकातील एखादेच अक्षर बदलले आहे की गुणसूत्राचा तुकडाच गळाला आहे? तुकडा गळून त्यात शेजारचे ‘डब्ल्यूटी-१’ हे जनुकही गेले असेल, तर मूत्रपिंडात विल्म्स गाठ (लहान मुलांत होणारा कर्करोग) होण्याचा धोका असतो आणि लहानपणी साधारण दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. मुलगा व सून यांचीही तपासणी करून घ्यावी. दोघांत बदल नसेल, तर पुढच्या अपत्याला धोका फार कमी राहतो.

गच्चीत नेल्यावर बाळ डोळे घट्ट मिटून घेत असेल, तर ते उजेडाने दिपते. त्याला रुंद काठाची टोपी घालावी. काचबिंदू पुढे केव्हाही उद्भवू शकतो, म्हणून दृष्टी ठीक वाटली तरी डोळ्यांतील दाबाची तपासणी नेमाने चालू ठेवावी.