बाजरी जिथून आली, त्या देशांत काय चाललंय?

प्रश्न : मी जत तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो. नववीच्या पोरांनी विचारलं, सर, माली, बुर्किना फासो, नायजरमध्ये सारखं लष्करच का सत्ता घेतं, आणि वाळवंट पुढं सरकतंय म्हणून तिथली माणसं एकमेकांना मारतायत हे खरं का? जरा नीट सांगाल का?

उत्तर : सर, पोरांनी अगदी मुद्द्यालाच हात घातलाय. साहेल म्हणजे अरबीत किनारा, हिंदी गाण्यांत 'साहिल' येतो ना, तोच शब्द. सहारा हा समुद्र धरला तर त्याचा हा दक्षिण काठ, सेनेगलपासून पार सुदानपर्यंत. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच. १९६८ नंतरची पाच-सहा वर्षं आणि पुन्हा १९८३-८४ असे भयानक दुष्काळ पडले, गुरं मेली, माणसं मेली, पण तेव्हा आत्तासारखी गावंच्या गावं जाळली गेली नव्हती, हे पोरांना आधी सांगा.

तिथं फुलानी लोक गुरं घेऊन फिरतात आणि डोगोन, बांबारा, हौसा हे मुख्यतः शेती करतात. सुगी झाली की फुलानी रिकाम्या रानात गुरं बसवायचे, शेतकऱ्याला खत मिळायचं आणि त्यांना धान्य. आमच्या गावाकडे मेंढरंवाले यायचे तेव्हा हेच चालायचं, दोन रात्री मेंढरं बसवली की आजी पायलीने बाजरी मोजून द्यायची, आणि भांडण झालंच तर गावातली चार माणसं बसून मिटवायची. मालीत नायजर नदीचा पूर ओसरला की बुर्गू नावाचं गवत वर येतं, त्यात कुणाची गुरं आधी उतरायची याचे नियमसुद्धा एकोणिसाव्या शतकापासून ठरलेले. मग माणसं वाढली, शेती वाढली, गुरांच्या वाटा नांगराखाली गेल्या, आणि तक्रार घेऊन गेलं की सरकारी माणूस दोन्हीकडून पैसे खायचा. त्यातच २०११ला लिबियात गद्दाफी पडला, तिथली हत्यारं खाली आली, २०१२ला मालीचा उत्तर भाग सरकारच्या हातातून गेला, आणि जिहादी टोळ्यांनी गुराख्यांना सांगायला सुरुवात केली की तुमचा न्याय आम्ही करतो. शेतकऱ्यांनी आपली हत्यारबंद पथकं काढली. मार्च २०१९मध्ये मालीतल्या ओगोसागू या फुलानी गावात एका सकाळी दीडशेहून जास्त माणसं मारली, त्यात लेकरंही होती. म्हणजे पाऊस कमी-जास्त होण्यानं ताण येतो हे खरंच आहे, पण कुऱ्हाड उचलली जाते ती न्याय देणारं कुणी उरत नाही तेव्हा, असं माझं ठाम मत आहे.

आता लष्कर. फ्रेंच सैन्य २०१३ला मालीत आलं, जवळपास दहा वर्षं राहिलं आणि हिंसा कमी व्हायची सोडून बुर्किना आणि नायजरमध्ये पसरली. लोक चिडले, सैनिकही चिडले, कारण मरत तेच होते. मग लष्करानं सत्ता घेतली, मालीत २०२० आणि २०२१ला, बुर्किनात २०२२मध्ये दोनदा, नायजरमध्ये जुलै २०२३ला. तिघांनी मिळून आघाडी केली, फ्रेंचांना घालवलं, रशियनांना आणलं, जानेवारी २०२५मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून बाहेरही पडले. फ्रान्सवरचा राग मला पटतो, नायजरच्या अर्लितमधनं युरेनियम कित्येक दशकं फ्रान्सला गेलं आणि नायजरमध्येच बहुतेक घरांत वीज नाही. पण निवडणुका पुढं ढकलायच्या, पत्रकारांना उचलायचं, नायजरचे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना दोन वर्षांहून जास्त डांबून ठेवायचं, यानं गावातला माणूस सुरक्षित झालेला नाही. गावं अजून ओस पडतायत.

प्रश्न : तिथं झाडांची मोठी हिरवी भिंत उभी करणार होते, तिचं काय झालं?

उत्तर : आफ्रिकन युनियननं २००७ला ठरवली, ८,००० किलोमीटरची. बरीच रोपं लावली आणि बघायला कुणी नाही म्हणून वाळली. पण नायजरच्या मरादी, झिंदर भागात शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकापासून वेगळंच केलं. जमिनीखाली जुन्या झाडांचे बुंधे जिवंत असतात, त्यांना फुटवे येतात, त्यातले दोन-तीन ठेवायचे नि बाकी छाटायचे, बस. असं करून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं आली. आधी का नाही आली? फ्रेंचांच्या काळापासून कायदा असा होता की झाड सरकारचं, स्वतःच्या शेतातलं तोडलं तरी दंड, मग शेतकरी रोप दिसलं की उपटूनच टाकायचा. अधिकाऱ्यांनी दंड करायचं सोडलं तशी झाडं राहायला लागली.

बुर्किनात याकूबा सावाडोगो नावाचे शेतकरी होते. भर उन्हाळ्यात, टणक झालेल्या जमिनीत वीतभर-दीड वीत रुंदीचे खड्डे खणायचे, त्यात शेणखत टाकायचं, त्या वासानं वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पहिला पाऊस तिथंच मुरतो. झाई म्हणतात याला, जुनीच पद्धत, त्यांनी ती सुधारली. शेजारी वेडा म्हणायचे. त्याच माळावर त्यांनी पंचवीसेक हेक्टर जंगल उभं केलं. २०२३ला ते गेले.

प्रश्न : या सगळ्याशी आपला काय संबंध?

उत्तर : आपल्या ताटातली बाजरी. माणसानं लावलेल्या बाजरीचे सगळ्यात जुने पुरावे उत्तर मालीतले आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, तिथनं ती आपल्याकडं आली. बाजरीवर काम करणारी इक्रिसॅट ही संस्था हैदराबादजवळ आहे आणि तिचं एक केंद्र नायजरमध्ये, राजधानी नियामेजवळ. तिथं बाजरीचं पीठ शिजवून, कांडून गोळे करतात आणि ते दह्यादुधात कुस्करून खातात, फुरा म्हणतात. बाजारात बाया तो भोपळ्याच्या मोठ्या तुंब्यातून विकतात. त्यातली बाजरी हौसा शेतकऱ्याची असते, दूध फुलानी बाईचं.