जखमेवर अँटिसेप्टिक झोंबलं की जंतू मेले असं समजावं का?

नाही, झोंबण्यावरून काहीच कळत नाही. अल्कोहोलमुळे उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंची मर्यादा खाली येते आणि अंगाच्या नेहमीच्या तापमानाचाही चटका बसतो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, ते झोंबतं ते यामुळे. उलट क्लोरहेक्झिडीन हे दुसरं अँटिसेप्टिक फारसं झोंबत नाही, तरी जंतूंचं आवरण फाडतं, शिवाय त्वचेला चिकटून काही तास काम करत राहतं.

फेसाचंही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइड रक्ताच्या स्वच्छ थेंबावर टाका, तिथेही फसफसेल, कारण रक्तातलं कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वर पेरॉक्साइड नव्या पेशींनाही भाजतं. रोज ड्रेसिंगच्या वेळी ते ओतणारे नातेवाईक मी नर्स म्हणून पाहते, तेव्हा बाटली हातातून काढून घ्यावीशी वाटते.

अँटिसेप्टिकला आपली पेशी आणि जंतू यांतला फरक फारसा कळत नाही, ही मुख्य अडचण. १८६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीखाली पाय मोडलेल्या मुलाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड या अँटिसेप्टिकची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पण त्या औषधाने कातडी मात्र पोळायची.

आता वेळेबद्दल, कारण घाई इथेच होते. पोव्हिडोन आयोडीनमधून आयोडीन हळूहळू सुटतं आणि जंतूंच्या प्रथिनांवर हल्ला करतं. शस्त्रक्रियेआधी ते त्वचेवर लावलं की आम्ही सुकेपर्यंत थांबतो, लगेच पुसत नाही. रक्त, पू, माती असेल तर आयोडीन त्यातच खर्ची पडतं. अल्कोहोलला प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं, म्हणून निव्वळ अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं जास्त मारक. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं टणक कवचातलं रूप, मात्र त्यालाही दाद देत नाहीत.

त्यामुळे घरच्या खरचटण्यावर आधी वाहतं पाणी, भरपूर. आजूबाजूची कातडी साबणाने धुवा, माती-खडे काढा. मग हवं तर पोव्हिडोन आयोडीन एकदा लावा आणि स्वच्छ पट्टी बांधा. स्पिरिट उघड्या जखमेत नको, ते अखंड त्वचेसाठी. जखम खोल असेल, गंजक्या-मातकट वस्तूने झाली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. कुत्रा चावला असेल तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, रेबीजची लस कुठलंही अँटिसेप्टिक लावून टळत नाही.