फिलिपिन्सची पीबीए: एनबीए बघणाऱ्याला आवडेल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीए नियमित बघणाऱ्याने फिलिपिन्सची बास्केटबॉल लीग पीबीए बघावी का, आणि तिथल्या संघांना शहरांची नावं का नसतात? दुसऱ्यापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिल्याचा निकाल आपोआप लागेल. मी नोकरीमुळे मनिलात राहतो, सामने स्टेडियममध्ये जाऊन बघतो आणि तिथल्या हिनेब्रा संघाचा समर्थक आहे, हेही सांगून ठेवतो.

पीबीएत मनिला किंवा सेबू नावाचा संघ नाही, कारण संघ कंपन्यांचे आहेत. मेराल्को ही वीज कंपनी, एनएलईएक्स हा टोलचा महामार्ग, रेन ऑर शाइन म्हणजे भिंतीचे रंग, टीएनटी म्हणजे प्रीपेड सिमकार्ड, सॅन मिगेल बिअर आणि हिनेब्रा चक्क जिन ही दारू. 2016 ते 2022 या काळात गव्हर्नर्स कप या लीगमधल्या एका स्पर्धेची अंतिम मालिका चार वेळा जिन विरुद्ध वीज अशी झाली (चारही वेळा जिन जिंकली), आणि इथे कुणाला त्यात काही गमतीचं वाटलं नाही. आपल्याकडे कबड्डीत महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांचे संघ गाजायचे, तोच हा प्रकार. आपली कबड्डी पुढे टीव्हीवर गेली ती शहरांची नावं घेऊन. फिलिपिनो लोकांनी मात्र कंपन्याच टीव्हीवर नेल्या.

सुरुवात 9 एप्रिल 1975 ची, केझोन सिटीतल्या अरानेटा कोलिजियममध्ये. कंपन्यांच्या हौशी लीगमधून नऊ संघ फुटून निघाले आणि आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अली आणि फ्रेझर यांची ती गाजलेली बॉक्सिंगची लढतही याच हॉलमध्ये झाली. पहिलं दशक कपडे बनवणारी क्रिस्पा आणि मोटारींची टोयोटा यांच्या वैराचं होतं. टोयोटाचा संघ बंद झाला आणि त्यांचा रॉबर्ट जावोर्स्की जिनच्या संघात आला. 1985 मध्ये कोपर लागून त्याचं तोंड फुटलं. हॉस्पिटलात टाके घालून तो त्याच सामन्यात परतला, आणि मागे पडलेला संघ जिंकला. हिनेब्राचं वेड खरं तिथून पसरलं. हा माणूस पन्नाशी उलटल्यावरही खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता, आणि 1998 मध्ये सिनेटवर निवडून आला.

हंगामाची रचना एनबीएपेक्षा अगदी वेगळी. एकाच वर्षात तीन कप. फिलिपीन कपात परदेशी खेळाडू चालत नाहीत. उरलेल्या दोन्हीत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू, इथल्या भाषेत 'इम्पोर्ट', घेता येतो, पण त्याला उंचीची मर्यादा असते. कमिशनर्स कपात ती जरा सैल, गव्हर्नर्स कपात साडेसहा फुटांच्या आसपास. उंची खरोखर पट्टी लावून मोजतात, आणि जास्त भरली तर पाहुण्याला परतीचं विमान. मला हा नियम आवडतो. सात फुटी माणूस आणून रिंगखाली उभा केला की स्थानिक खेळाडूंना नुसतं पास देत बसावं लागलं असतं. तिन्ही कप एकाच हंगामात जिंकणं म्हणजे ग्रँड स्लॅम. आजवर फक्त पाचदा झालाय, शेवटचा 2014 मध्ये.

आता दुखणं. बारापैकी सहा संघ दोनच उद्योगसमूहांच्या हातात आहेत, तीन-तीन. खेळाडूंची अदलाबदल करताना छोटे संघ मोठ्यांना आवळ्याच्या बदल्यात कोहळा देतात, असा चाहत्यांचा जुना आरोप आहे. 2017 मध्ये कियाच्या संघाने ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतली, पहिली निवड सॅन मिगेलला देऊन टाकली, त्याला मंजुरी देणाऱ्या कमिशनरवरून, म्हणजे लीगच्या प्रमुखावरून, मालकांच्या मंडळात उभी फूट पडली आणि शेवटी कमिशनरना जावं लागलं. तरुण खेळाडू आता जपानच्या बी लीगकडे वळतात, पैसे तिथे जास्त आहेत. हिनेब्राचा सामना नसेल त्या दिवशी अरानेटात वरच्या मजल्यावर पाय पसरून बसता येतं. असेल त्या दिवशी त्याआधीच्या पहिल्या सामन्यापासूनच 'हि-ने-ब्रा' सुरू होतं, मग त्यात खेळणारे संघ कुणी का असेनात!

तेव्हा, बघावी का? एनबीएची उंच उडी आणि लांबून सहज पडणारे थ्री शोधायला गेलात तर निराश व्हाल. खेळ बुटका आहे, धसमुसळा आहे, रेफरी बरंच सोडून देतात. पण शेवटची पाच मिनिटं इथे जितकी तापतात तितकी एनबीएच्या साखळी सामन्यांत क्वचितच तापतात. 2016 च्या दोन मालिकांपासून सुरुवात करा. एक, फिलिपीन कपाची अंतिम मालिका, जिथे सॅन मिगेलने अलास्काविरुद्ध 0-3 वरून 4-3 अशी बाजी मारली. दुसरी, त्याच वर्षीचा गव्हर्नर्स कप: सहावा सामना, 88-88 अशी बरोबरी आणि चेंडू हिनेब्राच्या जस्टिन ब्राउनलीच्या हातात. पुढचं सांगत नाही.