अप्लाइड मॅथच्या सेमिनारमध्ये निम्मं डोक्यावरून जातं, सिनियर म्हणतात तिथे नुसतं कोडिंग असतं. तरी जायचं का?

जायचं. पंधरा मिनिटांनंतर सगळ्यांच्याच डोक्यावरून जातं, पुढच्या रांगेतल्यांच्याही, त्यांना फक्त मान हलवायची सवय असते.

पण ते 'नुसतं कोडिंग' वाचलं आणि जुनी ठसठस सुरू झाली, म्हणून लिहितेय.

एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला मी नेरूळहून हार्बरने जायचे, रोज वाशीचा पूल लागायचा, तर प्रोजेक्टला ठाण्याची खाडीच घेतली. भरती आत शिरताना पाणी कुठे किती चढतं ते कॉम्प्युटरवर काढायचं, एवढंच. खोली सरसकट 10 मीटर, दर 100 मीटरवर ग्रिड पॉइंट (जिथे पाण्याचा हिशोब होतो ती जागा), साधी एक्स्प्लिसिट स्कीम (आत्ताच्या आकड्यांवरून थेट पुढच्या क्षणाचे काढणारी), आणि लॅपटॉप रडतखडत चालायचा म्हणून डेल्टा टी, म्हणजे एका स्टेपचा वेळ, 30 सेकंद. गुरुवारच्या सेमिनारमध्ये वीस मिनिटं मिळाली. घरी सुरुवातीचं थोडंसंच चालवून बघितलेलं (गाढवपणा, मान्य). तिथे सगळ्यांसमोर रन केलं तर आलेख आधी करवतीसारखा दातेरी झाला, मग वाशी पुलापाशी पाणी चढलं 40 मीटर, जिथे मोठ्या उधाणालाही पाचेक मीटर असतं, आणि मग नुसते नॅन नॅन नॅन (म्हणजे 'हा आकडाच नाही'). हॉलभर हशा. एक मोठे सर उठले, "पूल बुडवलास की! ही प्रोग्रॅमिंगची चूक झाली, यात मॅथेमॅटिक्स काय आहे?" आणि चहाला गेले.

मागच्या बाकावरच्या एका पीएचडीवाल्या ताईने फक्त विचारलं, डेल्टा टी किती घेतलास गं? तिथेच ट्यूब पेटली. 10 मीटर खोलीत लाटेचा वेग रूट जीएच (जी गुरुत्वाकर्षणाचा, एच खोली), म्हणजे सेकंदाला जवळपास 10 मीटर. 30 सेकंदांत लाट 300 मीटर पुढे जाते आणि माझी स्कीम एका स्टेपला शेजारच्या पॉइंटपर्यंतच बघते, 100 मीटर. फुटणारच ना. एका स्टेपमध्ये लाट शेजारच्या पॉइंटच्या पुढे जाता कामा नये. आणि ही अट दिली कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी, 1928 साली, आजच्यासारखे कॉम्प्युटर कुठेच नव्हते तेव्हा, आणि त्यांना आकडे काढायचेच नव्हते, पार्शल डिफरन्शियल इक्वेशनला (जागा आणि वेळ दोन्हींनुसार होणाऱ्या बदलाचं समीकरण) सोल्युशन असतं हे सिद्ध करायचं होतं. घ्या, नुसतं कोडिंग! तुमच्या सिनियरना हे सांगा.

बाकी, जायच्या आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधले दोन शब्द बघून ठेवा आणि काहीच सुचलं नाही तर स्टेप साइज नाहीतर बाउंड्री कंडिशन (कडेला काय धरलंय ते) विचारा, वक्ता खूशच होतो. नुसती रंगीत चित्रं दाखवून एरर किती ते न सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. हां, परीक्षा महिन्यावर असेल तर सेमिनार राहू द्या, आणि यातून नोकरी लागते असंही नाही, मला नाही लागली.

आणि सर, चुकून हे वाचत असाल तर, डेल्टा टी 5 सेकंद घेतला. पूल शाबूत आहे.