सायकल-सल्ला : नाणेघाटाला जायचंय? मग पुण्याहून निघू नका

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, राहायला कोथरूडला. दिवाळीत रोड बाइक घेतली, टायर २५चे (२५ मिलिमीटर रुंद) आहेत. एका रविवारी पहाटे पुण्याहून निघून नाणेघाट करायचा आणि रात्री परत यायचं, असा बेत आहे. सायकल टिकेल का? आणि मी?
— एक वाचक, पुणे

सायकल टिकेल. तुमचं मी काय सांगू! पण बेत मोडा. नाशिक हायवेवर नारायणगावपर्यंत ट्रक, कंपन्यांच्या बस आणि कांद्याचे टेम्पो. तिथे अंगातली सगळी रग जिरवून तुम्ही उन्हात जुन्नरला पोचणार, आणि ज्या रस्त्यासाठी एवढा खटाटोप केला तो मान खाली घालून कसाबसा काढणार. हे असे दमलेले गडी माझ्या सायकल-दुकानाच्या बाकड्यावर दर रविवारी बसलेले असतात. सायकल गाडीच्या मागे बांधून आणा, आदल्या रात्री जुन्नरला मुक्काम करा. तिथून नाणेघाट तीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन साठ-पासष्ट होतात, पुष्कळ झाले. स्ट्राव्हावर, म्हणजे फेरी मोजणाऱ्या त्या अ‍ॅपवर, आकडा लहान दिसेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

रविवार नकोच. पावसाळ्यातला तर मुळीच नको. खालून येणाऱ्या वाऱ्यानं धबधबा उलटा उडतो तो बघायला सगळं जग लोटतं आणि गाड्यांच्या रांगेत सायकलसुद्धा शिरत नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीमुळे जुन्नर माणसांनी भरलेलं असतं, त्या दिवशी यायचं तर शिवनेरीवर पायी या. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, आठवड्यातला मधला वार, उजाडल्यावर निघायचं.

शिवनेरीचा कडा मागे पडला की आपटाळ्याच्या दिशेनं रस्ता मोकळा होतो. मधे मधे माणिकडोह धरणाचं पाणी डोकावतं. जसजसे पश्चिमेला सरकाल तसा ऊस विरळ होतो आणि भातखाचरं लागतात. नोव्हेंबरात गेलात तर भाताचे भारे डोक्यावर घेऊन बाया कडेनं चाललेल्या असतात. त्यांना मागचं दिसत नाही आणि तुमच्या सायकलचा आवाज येत नाही, तेव्हा घंटी लांबूनच वाजवा. रोड बाइकला घंटी नसते, हे मला माहीत आहे. बसवा. मार्चनंतर अंगणात, ओट्यावर बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला दिसेल. तिकडच्या आदिवासी घरांत त्याच्यावर बराच पैसा येतो, त्यामुळे फोटोसाठी चाक त्यात घालू नका. (घातलेलं पाहिलंय, म्हणून सांगतो.)

चावंड किल्ला मागे टाकून पूर गावात कुकडेश्वरला उतरा. कुकडी नदी तिथेच उगम पावते. देऊळ दगडी, मूळचं शिखर गेलेलं, पण भिंतींवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. क्लीटचे, म्हणजे पायडलला अडकणारे, बूट बाहेर काढा, घासलेल्या फरशीवर ते साबणासारखे घसरतात. पाणी इथेच भरून घ्या.

पुढे घाटघर गाव, जीवधन किल्ला आणि मग जमीनच संपते, खाली कोकण. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच नाळेनं वर चढून जुन्नरमार्गे पैठणला जायचा. तोंडाशी दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं सांगतात. टोलनाक्याचा विनोद प्रत्येक जण करतो, तुम्हीही करालच. पण सायकल टेकवून थोडं खाली लेण्यात जा. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथे आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठले यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले याची आकड्यांनिशी मोजदाद. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या लिहिलेल्या अंकांपैकी हे आहेत. समोर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर नावं एवढंच उरलंय. माझा बाप तासावर सायकली भाड्यानं द्यायचा, भिंतीवर कोळशानं हिशेब मांडायचा. मला तो लेख बघितला की ती भिंत आठवते.

आता टायर. फ्रेममध्ये मावत असतील तर २८ टाका. तुमचं वजन सत्तर-पंचाहत्तर किलो असेल तर मागे ८०, पुढे ७५ पीएसआय हवा पुरते. २५ला १०० मारून आलात तर उखडलेल्या डांबरावर दात वाजतील. खरा शत्रू खडी नाही, बाभळीचा काटा आहे. कुपाटीसाठी, म्हणजे काटेरी कुंपणासाठी, फांद्या रस्त्यावरून फरफटत नेतात आणि काटे मागे सांडत जातात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

दोन ट्यूबा न्या आणि त्यांच्या व्हॉल्व्हची लांबी आपल्या रिमला लावून बघा. हे ज्ञान मला घाटघरच्या अलीकडे झालं. तीस वर्षं पंक्चर काढणारा मी, एका गिऱ्हाइकाची उंच रिमची सायकल चालवून बघायला म्हणून नेली आणि खिशात ट्यूब टाकली आखूड व्हॉल्व्हची. रिमच्या भोकातून नुसतं टोक दिसतंय, पंप काही पकडेना. शेवटी बांधावर बसून काटा लागलेल्या ट्यूबलाच ठिगळ लावलं. एक पोरगा शेजारी उभा राहून विचारतोय, "काका, तुमाला येतं ना?"

येताना मात्र आराम. जाताना हळूहळू चढलेला रस्ता आता उतरत जुन्नरला आणतो.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी जुन्नर भागात सायकल चालवणार आहोत. घरचे बिबट्याचं नाव काढून अडवतात. भीती खरी की उगाच?
— एक वाचक, चिंचवड

ताई, खरी आहे. जुन्नर तालुक्यात बिबटे उसातच वाढतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी वन विभागाचं निवारा केंद्रच आहे. थंडीत ऊसतोड चालू असते. फड रिकामा झाला की मादी पिल्लं घेऊन दुसरीकडे हलते, त्या दिवसांत जास्त जपायचं. पण वेळ पाळली तर अडायचं कारण नाही. उजाडल्याशिवाय निघू नका आणि दिवेलागणीच्या आत उसाच्या पट्ट्यातून बाहेर पडा. पंक्चर काढायला उसाच्या कडेला वाकून बसू नका, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. सायकल ढकलत उघड्यावर किंवा वस्तीवर न्या. समोर आलाच तर पळायचं नाही, ताठ उभं राहून सायकल मधे धरायची आणि मोठ्यानं ओरडायचं.

खरं सांगू, बिबट्यापेक्षा वाडीवरची कुत्री तुम्हाला जास्त भेटतील. त्यांच्याशी शर्यत लावू नका. उतरा, सायकल मधे ठेवून चार पावलं चाला, त्यांचा रस संपतो.

प्रश्न : वडिलांची २४ इंची काळी सायकल आहे, सळईचे ब्रेक. गिअर नाहीत. ती घेऊन नाणेघाटाला गेलो तर लोक हसतील का?
— एक वाचक, मंचर

हसतील पुण्याचे. घाटघरचे नाही हसणार. हा रस्ता घाट चढत नाही, खोऱ्यातून हळूहळू वर जातो. मधल्या एक-दोन चढांना उतरून ढकला. ब्रेकचे रबर नवे घाला आणि सळईचे सांधे तेल देऊन मोकळे करा. कॅरिअर काढू नका, डबा त्यावरच बांधायचाय. आणि पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन तपासा. ती झिजली असेल तर चढावर जोर लावला की पायडल प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करतं. जाण्याच्या आदल्या दिवशी नका बदलू, चार दिवस आधी बदला. नवी पिन बसली की ढिली पडते, पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा लागतो.